शेऱ्याचा रकाना

ताक्वारेम्बोला पहिल्यांदा गेलो तेव्हा फेब्रुवारी होता.
दोन्या एलोइसाच्या दुकानातला पंखा
खिळ्यांच्या पिंपांवरची धूळ
इकडून उचलून तिकडे ठेवत होता.
मी विचारत होतो, ती सांगत होती.
कुंपणाचे यू-खिळे: किती उरले की नवे मागवायचे?
"तसं काही नाही.
नदी चढली की कुंपणं वाहून जातात,
तेव्हा पन्नास किलोही पुरत नाहीत.
नाहीतर पाच किलो पडून गंजतात.
आणि ओतेगीचा धाकटा या वर्षी वेगळा निघाला,
तर बघ, सगळी हद्द नव्याने आखणार."
रकान्यात फक्त आकडा मावत होता.
मी लिहिलं, वीस.

अकराशे बेचाळीस वस्तू. तीन दिवस.
मेंढ्या कातरायच्या फण्या?
"ऑक्टोबर सांगेल."
आठ.
पवनचक्कीच्या पंपाचे रबरी वॉशर?
तिने मातेची नळी तोंडातून काढली, म्हणाली,
"वारा."
बारा.

मग ती पडद्याकडे वाकली. हे शेवटचं काय, शेरा?
रिकामं सोडा, मी म्हणालो.
आता ऑर्डर यंत्र पाठवेल, रात्री दोनला,
पलीकडचं यंत्र घेईल. ते कोणी वाचत नाही.
"आणि मिल्तोन?"
कोण मिल्तोन?
"बावीस वर्षं फोनवर माझी ऑर्डर लिहून घेतो तो."
त्याची गरज नाही, असं मी बोललो नाही.
पण हातातली यादी तेच बोलत होती.

खरं सांगायचं तर काम चोख झालं.
खिळे संपले नाहीत, फण्या वेळेवर आल्या,
हिवाळ्यात बोटं फुटलेल्या हातांनी
नग मोजायला मागच्या खोलीत जावं लागलं नाही.
तिनेच हे कळवलं, आणि सोबत चीज.

जुलैत मोंतेविदेओच्या घाऊक व्यापाऱ्याची तक्रार आली:
तुमचा प्रोग्रॅम बिघडलाय.
दर शुक्रवारी एक वॉशर मागवतो.
एक.
वॉशरपेक्षा त्याचं भाडं जास्त.

नोंदी उघडल्या.
किमान साठा बारा, पुढच्या शुक्रवारी तेरा,
मग चौदा, पंधरा,
हाताने वाढवलेला, दुकान बंद व्हायच्या जरा आधी.
आणि प्रत्येक ऑर्डरला शेरा.

मिल्तोन, गुडघा कसा आहे?
   ऑर्डर मिळाली. जिना चढतो, एक मजला.
इथे धुकं. कुत्री व्याली, सहा.
   ऑर्डर मिळाली. काळं असेल तर माझ्यासाठी ठेवा.
दोन काळी आहेत. एक जरा खुळं आहे.
   ऑर्डर मिळाली. खुळंच द्या.
मेच्या अखेरीस आकडा पंचवीसवर आला
आणि उत्तर बदललं.
   ऑर्डर स्वीकारली.
मिल्तोन?
   ऑर्डर स्वीकारली.
इथे दव पडतंय. पाइप फुटला. तुम्ही आहात ना?
   ऑर्डर स्वीकारली.
हे यंत्राचं बोलणं होतं, माझंच,
मीच ते दोन शब्द बसवले होते,
आटोपशीर वाटले म्हणून.
मी खाली सरकत गेलो, बसमध्ये, पोटात काहीतरी घेऊन.
तिसावा वॉशर:
   दोन्या एलोइसा, गुडघा कापून नवा बसवला.
   इस्पितळात कॉम्प्युटर नव्हता.
   खुळं दिलंत की काय कोणाला?

दुकानात गेलो तर काउंटरवर मधाची बरणी,
वॉशरांनी गळ्यापर्यंत भरलेली,
आणि एक काळं पिल्लू माझ्या बॅगेचा पट्टा चावत होतं.
रागावलास? तिने विचारलं.
मी लॅपटॉप उघडला,
वॉशरपुढे लिहिलं: वेगळी गाडी नको,
पुढच्या महिन्याच्या खिळ्यांसोबत पाठवा.
ऑर्डर मात्र शुक्रवारीच जाऊ द्या.
कंपनीला अहवाल: बिघाड आढळला नाही.

निघताना तिने मूठभर वॉशर माझ्या खिशात घातले.
नळाला होतील.
मोठे आहेत, मी म्हणालो.
"बघ तर खरं."
मोठेच निघाले. एक मी
टेबलाच्या आखूड पायाखाली सरकवला.
आता लिहिताना ते हलत नाही.
नळ गळतोच आहे.